ओझं टाका आणि घाट चढा

आमच्या रविवारच्या टेबलावरचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. ते आपोआप साचले. कुणी भेटलं की मी त्यातला एक सांगते, लोक पोट धरून हसतात आणि मी घरी येऊन कपाळाला हात लावून बसते. ऐकणाऱ्याला ते किस्से आहेत. मी ते भोगलेत!

आधी ओळख करून देते. मी मेघना. राहते घाटकोपरला, नोकरी अंधेरीला विमानतळावर, चेक-इन काउंटरला. म्हणजे आठवडाभर मी एकच वाक्य बोलते, "सर, बॅगेचं वजन जास्त होतंय." मग सर तिथेच फरशीवर बॅग उघडतात, लोणच्याची बरणी काढून बायकोच्या पर्समध्ये कोंबतात, दोन स्वेटर अंगावर चढवतात आणि वजन या प्रकाराचा शोध मीच लावलाय अशा नजरेने माझ्याकडे बघतात.

आणि रविवारी? रविवारी मी कांदिवलीला मिलिंदच्या घरी जायचे. तिथे आम्ही पाच जण एक खेळ खेळायचो. कागद, पेन्सिली, फासे आणि डोक्यातली कल्पना एवढ्यावर चालणारा. मी गेम मास्टर. समोर काय आहे ते मी सांगायचं, जंगल आहे, किल्ला आहे, राक्षस आहे. बाकी चौघांचं प्रत्येकी एक पात्र, ते पात्र काय करतं ते त्यांनी सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवणार.

चार वर्षं आमची एकच गोष्ट चालू होती. चौघांनी एक मोठा घाट ओलांडायचा आणि पलीकडच्या शहरात पोचायचं. ते शहर मी बनवून तयार ठेवलं होतं. त्याचं बंदर, त्याचा बाजार, कुठल्या गल्लीत कोण राहतं, कोणाचं कोणाशी भांडण आहे, सगळं. दोन फ्लाइटच्या मधल्या वेळात मी तेच करत बसायचे. त्या शहरात जाणं ही माझी चार वर्षांची एकुलती एक इच्छा. पण ही माणसं घाटाच्या पायथ्याशी पोचतील तर शपथ! कारण त्यांच्याकडे सामान फार होतं.

त्यात मिलिंदची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पाच जणांनी दर रविवारी पाच तास आरडाओरडा करत बसावं अशी दुसरी जागा आमच्यापैकी एकाकडेही नाही. माझ्याकडे हॉलमध्ये भाऊ झोपतो. शीतलकडे सासूबाईंचा टीव्ही. सुशांतचं वन रूम किचन, त्यात जुळी मुलं. रॉबी तर गोराईला राहतो, तिथे जायचं म्हणजे आधी होडी पकडा. तेव्हा मिलिंदचं घर गेलं की खेळ गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझं मागणं एवढंच होतं की, घर रिकामं व्हायच्या आत यांनी एकदाचा घाट ओलांडावा.

त्या मागण्याची वाट कशी लागली, ते आता सांगते.

*

वजनाचा नियम मी आणला तो शीतलमुळे.

शीतल मुलुंडची, फिजिओथेरपिस्ट. दिवसभर पेशंटना सांगते, "बादली उचलू नका, सिलिंडरला हात लावू नका, कंबर सांभाळा." खेळात तिचं पात्र एक चोरटी. बारीक चणीची, चपळ, भिंतीवरून चालणारी.

एकदा हे चौघे एका कोरड्या विहिरीत पडले. ती विहीर बनवायला मी पंधरा दिवस खपले होते. बाहेर पडायच्या तीन वाटा ठेवल्या होत्या, तिन्ही अवघड. मला वाटलं, रविवार झकास जाणार.

शीतल म्हणाली, "मी शिडी लावते."

"कुठली शिडी?"

"माझी. बाजारात घेतली होती ना, मागे."

"मागे म्हणजे गेल्या दिवाळीत! तेव्हापासून ती होती कुठे?"

"माझ्याजवळ."

"शीतल, मधे तू खिडकीच्या गजांतून आत शिरलीस. गटारातून पोहत गेलीस. राणीच्या पलंगाखाली लपलीस. बारा फुटी शिडी घेऊन?"

"तू विचारलंच नाहीस गं!"

माझी विहीर दोन मिनिटांत संपली. मी घरी गेले आणि पुढच्या रविवारी नियम घेऊन आले. प्रत्येकाने आपल्या ताकदीप्रमाणे ठरावीक किलो उचलायचे. त्याच्यावर गेलं तर चाल निम्मी. आणखी वर गेलं तर एक पाऊलही उचलणार नाही. घेतलेली प्रत्येक वस्तू कागदावर लिहायची, वजनासकट.

रॉबी म्हणाला, "मेघना, तू आज पण ड्युटीवर आहेस काय?"

*

सुशांतचा साकीनाक्याला पुठ्ठ्याचे खोके बनवायचा गाळा आहे. त्याला वजनातलं काही कळत नाही, पण कशात काय मावेल ते नुसतं बघून सांगतो. माझा नियम ऐकल्यावर तो म्हणाला, "मॅडम, वजन विसरा. माप सांगा."

त्याने कंदील पातेल्यात घातला. पातेलं बादलीत घातलं. कंदिलाच्या आत सुके अंजीर भरले. बादली पिंपात आणि पिंप पाठीवर. मग मला म्हणतो, "आता फक्त पिंपाचं वजन धर."

"का?"

"बाकी सगळं पिंपाच्या आत आहे!"

मी समजावलं. आत ठेवलं म्हणून वजन नाहीसं होत नाही. त्यावर त्याने गाळ्यातून आणलेला एक खरा खोका टेबलावर ठेवला. "माझा ट्रान्सपोर्टवाला जागेचे पैसे घेतो. आत कापूस भरला काय आणि खिळे भरले काय, भाडं तेच. धंदा असाच चालतो." वीस वर्षांचा धंदा एका बाजूला आणि माझा एका रविवारचा नियम दुसऱ्या बाजूला! बाकीचे तिघे माना डोलवायला लागले.

हट्टाने मी लांडग्यांची टोळी सोडली. म्हटलं, आता तरी हलतील.

"लांडगे आलेत," मी म्हणाले.

"किती?"

"भरपूर. दात विचकतायत."

"एक मिनिट थांबव त्यांना," सुशांत म्हणाला, "झाकण बसत नाहीये."

त्या दिवशी खेळ संपला तेव्हा लांडगे अजून थांबलेलेच होते.

*

मिलिंद हा आमच्यातला सगळ्यात चांगला माणूस, आणि त्याचंच सगळ्यात वाईट झालं.

तो विमा कंपनीत आहे. ऑफिसातही सगळ्यांची कामं त्याच्या टेबलावर येतात आणि सोसायटीच्या गणपतीची वर्गणीही तोच काढतो. खेळात त्याचं पात्र योद्धा. पहाडासारखा, सर्वात ताकदवान. नियम आल्यावर बाकीच्या तिघांनी एवढंच केलं, आपलं सामान त्याच्याकडे सरकवलं. "मिल्या, हे धर जरा." "मिल्या, तुझ्याकडे जागा आहे ना?" मिल्याला नाही म्हणता येत नाही. तो लिहीत गेला.

मग एका पुलावर दरोडेखोर आले. मी अगदी रंगात येऊन म्हणाले, "सरदार तुझ्या अंगावर धावून येतो! मिलिंद, तू काय करतोस?"

मिलिंद कागदाकडे बघत राहिला.

"तलवार काढ ना!" शीतल ओरडली.

"तलवार आहे," तो म्हणाला, "पण ती तुझ्या शिडीखाली आहे. शिडीवर सुशांतचं पिंप आहे. पिंपावर रॉबीचं जाळं."

"मग ते उतरव!"

"उतरवलं की लढाईचा माझा टर्न जातो. मेघनाचा नियम आहे."

योद्ध्याने सरदाराला अंजीर दिले. दरोडेखोरांनी अंजीर घेतले आणि मिलिंदचे जोडेही काढून नेले. मला हसावं की रडावं कळेना, आणि मिलिंद म्हणतो कसा, "चला, तेवढंच वजन कमी झालं!"

*

हा किस्सा खेळाच्या बाहेरचा, पण मुळात खेळामुळेच घडलेला.

शीतलने ठामपणे सांगितलं की, माझा नियम शरीरशास्त्राला धरून नाही. "नीट पाठीवर बांधलं तर माणूस कितीतरी उचलतो. पोश्चर महत्त्वाचं." सुशांत म्हणाला, "टेस्ट घ्या." झालं. काकूंनी, म्हणजे मिलिंदच्या आईने, गावाहून आलेला उकडा तांदूळ एका पिंपात भरून ठेवला होता. तो सगळा ट्रेकच्या सॅकमध्ये ओतला. वर काकूंची इस्त्री, पाटा आणि चादरींचं गाठोडं. सॅक मिलिंदच्या पाठीवर. जिना उतरायचा, चढायचा. मी घड्याळ घेऊन मागे.

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते.

त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. मागोमाग सुशांत खोका घेऊन, रॉबी आणखी एक गाठोडं घेऊन. ते म्हणाले, "अच्छा! म्हणजे तुम्ही सही केलीत?"

त्या दिवसांत आमच्या नाही, पण त्या बिल्डिंगच्या हवेत एकच विषय होता. बिल्डरच्या करारावर कोण सही करतंय आणि कोण अडून बसलंय. मिलिंदचं घर अडून बसलेल्यांत होतं. काका गेल्यापासून काकू कुठलाही कागद म्हटला की घाबरायच्या.

"नाही नाही," मिलिंद धापा टाकत म्हणाला, "आम्ही फक्त... वजन बघतोय."

"तेच म्हणतो मी. टेम्पो कधी येणार?"

"टेम्पो नाही. हा एक खेळ आहे, त्यात माझं पात्र योद्धा आहे..."

सेक्रेटरींनी सहानुभूतीने मान हलवली. संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवरची माणसं काकूंकडे येऊन गेली. "तुम्ही निघालात, मग आम्ही तरी कशाला थांबू?" त्या आठवड्यात भराभर सह्या झाल्या. शेवटी मिलिंदचं एकट्याचं घर उरलं, मग त्यालाही करावीच लागली.

म्हणजे जे बिल्डरला दोन वर्षांत जमलं नाही ते शीतलच्या पोश्चरने एका दुपारी करून दाखवलं! मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही.

*

मग गाढव.

रॉबी गोराईचा. घरची मच्छीमारीची होडी, तो स्वतः अंधेरीत कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. शांत माणूस, कमी बोलतो. त्याने तोडगा काढला की, आपण एक गाढव विकत घेऊ. मीही खुश झाले. म्हटलं, सामान गाढवावर गेलं की हे चालायला लागतील.

त्यांनी गाढवाचं नाव ठेवलं सेक्रेटरी.

गाढवावर सामान गेलं. मग गाढवाला चारा लागतो, तो गाढवावर गेला. पाणी लागतं, ते गाढवावर. रात्री थंडी वाजेल म्हणून त्याला एक झूल, तीही गाढवावरच. आता सेक्रेटरीवर स्वतःचंच सामान इतकं झालं की, यांच्या सामानाला जागा उरली नाही. ते परत मिलिंदकडे!

पुढे एक गुहा आली. आत राक्षस. माझा सगळ्यात लाडका राक्षस. त्याच्यासाठी मी आवाजसुद्धा वेगळा काढायला शिकले होते. गुहेचं तोंड अरुंद.

"गाढव आत जाणार नाही," मी सांगितलं.

"मग आम्ही पण नाही," रॉबी म्हणाला.

"रॉबी, ते गाढव आहे."

"त्याला बाहेर एकट्याला ठेवायचं? इथे लांडगे आहेत. तूच सोडलेस ना!"

"मग एकाने बाहेर थांबा."

कोण थांबणार यावर चर्चा सुरू झाली. तो रविवार गेला. पुढचाही गेला. कोणीतरी म्हणालं, गाढवाला ओढून आत नेऊ. रॉबी पहिल्यांदाच चिडला. "जनावराला जबरदस्तीने होडीत चढवून बघ एकदा. होडी उलटते, कळलं?" गुहेत होडी नव्हती, पण कोणी बोललं नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी गुहेबाहेर चूल मांडली आणि स्वयंपाक केला.

शेवटी माझा संयम संपला. "राक्षस बाहेर येतो," मी म्हणाले. "कंटाळून. स्वतःहून."

"का?" सुशांतने विचारलं.

"वाट बघून!"

मी जो आवाज शिकले होते तो काढायची माझ्यात ताकद उरली नव्हती. राक्षसाने नुसतं विचारलं, "तुम्ही आत येणार आहात का?" शीतल म्हणाली, "तुम्ही जरा गाढव धरता का, आम्ही आत जाऊन येतो." फासे टाकले. जमलं! राक्षस गाढव धरून उभा राहिला आणि हे त्याचाच खजिना उचलायला आत गेले.

घाटाच्या अलीकडच्या गावात मी त्यांना ते गाढव एका भल्या माणसाकडे ठेवायला लावलं. निरोप द्यायला अख्खा एक रविवार लागला. रॉबीचे डोळे खरोखर ओले झाले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

*

राक्षसाकडे गाढव देऊन हे गुहेत शिरले, त्याच्या पुढच्याच रविवारी शीतलच्या मुलाला ताप होता. तिचं पात्र कोणीतरी खेळायला हवं होतं. मिलिंद म्हणाला, "आईला बसवूया?"

काकू मालवणकडच्या. काका गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर या कांदिवलीच्या घरात आले. काकू चार वर्षं आम्हाला चहा देत होत्या आणि येता-जाता ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बसल्या आणि मला वाटलं, आता तरी कोणीतरी शहाण्यासारखं वागेल. संसाराच्या अनुभवाने सांगेल, हे टाका, ते ठेवा.

समोर राक्षसाचा खजिना उघडा पडलेला. मी वर्णन केलं. सोन्याची नाणी, हिरे, जडावाचा मुकुट, आणि एका कोपऱ्यात राक्षसाची जेवणाची भांडी.

"सोन्याचां काय करतलास रानात?" काकू म्हणाल्या. "भूक लागली तर सोनां शिजवतलास?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काकूंनी एक तांब्याचा टोप घेतला. उत्तम! मग दुसरा टोप घेतला. मग त्यांची झाकणं. मग विचारलं, "थंय बरण्यो आसत काय?"

मी चूक केली. म्हणाले, "असतील दोन-तीन रिकाम्या."

"घे त्यो. बरण्यो टाकूच्यो नसतत. लागतत."

"काकू, वजन जास्त होतंय."

"होवंदे. आणि ती दोरी कसली? घे ती. तो फाटको गोणपाट? पाय पुसूक होतलो."

बारीक चणीची, भिंतीवरून चालणारी चोरटी गुहेतून बाहेर आली ती दोन टोप, दोन झाकणं, बरण्या आणि गोणपाट घेऊन. सोनं आतच राहिलं. पुढच्या रविवारी शीतलने आपला कागद बघितला आणि किंचाळली. पण त्यातली एकही वस्तू तिने टाकली नाही. म्हणाली, "काकूंनी घेतलंय. कसं टाकू?"

*

हा छोटा. सुशांतला एका प्रदर्शनासाठी दिल्लीला जायचं होतं. आला तो नेमका माझ्याच काउंटरवर. बॅग काट्यावर ठेवली. वजन जास्त.

"सर," मी ड्युटीच्या आवाजात म्हणाले, "वजन जास्त होतंय."

तो वाकून हळूच म्हणाला, "खोक्यात खोके आहेत. बाहेरच्याचंच धर ना."

"सर, प्लीज."

"मेघना, माझी ताकद अठरा आहे!"

आपल्या पात्राच्या कागदावरचा हा आकडा मात्र तो मोठ्याने बोलला. मागची रांग ऐकत होती. माझ्या शेजारच्या काउंटरवरची पोरगी मला दुपारी विचारत होती, "मॅडम, तो माणूस त्रास देत होता का? कम्प्लेंट करायची का?" मी म्हटलं, "राहू दे गं. तो दर रविवारी देतो."

*

आणि मग शेवटचा रविवार आला.

मिलिंद आणि काकूंना भाड्याचं घर मिळालं होतं, विरारच्या पलीकडे. एक खोली. सोमवारी टेम्पो येणार होता. हॉलमध्ये सुशांतच्या गाळ्यातले खोके छतापर्यंत रचलेले, भिंतीवर काकांच्या फोटोचा फिकट चौकोन, फोटो कुठल्यातरी खोक्यात. फक्त टेबल तेवढं उभं होतं, कारण मिलिंदने सांगितलं होतं की, ते सगळ्यात शेवटी खोलायचं. काकू आत स्वयंपाकघरात वर्तमानपत्रात कप गुंडाळत होत्या.

आम्ही बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा सगळे वेळेवर आले होते.

चौघे घाटाच्या पायथ्याशी होते. मी सांगितलं, "वर बर्फ पडायला लागलंय. घाट आजचा दिवसच उघडा आहे. उद्या बंद होणार, तो किती दिवस कोण जाणे. एवढं सामान घेऊन संध्याकाळपर्यंत वर पोचता येणार नाही. काहीतरी टाका आणि घाट चढा."

माझ्या पिशवीत ते शहर होतं. नकाशा मी नवीन कागदावर, रंगाने काढून आणला होता. घाटमाथ्यावरून संध्याकाळी बंदरातले दिवे दिसतात, तिथून मला सुरुवात करायची होती. ती वाक्यं मला पाठ होती.

"काय टाकू?" मिलिंद म्हणाला.

"काहीही टाक!"

त्यांनी एकेक वस्तू घेतली. प्रत्येक वस्तू कुठे मिळाली ते कोणीतरी सांगायचं, मग दुसरं कोणीतरी म्हणायचं, "नाही, तसं नव्हतं झालं," मग ते भांडायचे, मग हसायचे, आणि मग ती वस्तू परत कागदावर जायची. एक तास गेला. दोन गेले. काकूंनी चहा दिला तो स्टीलच्या पेल्यांतून, कारण कप गेले होते. मला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं, रोजच्या त्या रांगेसमोरही नाही.

खिडकीतलं ऊन उतरलं तेव्हा मी हात जोडले.

"ऐका," मी म्हणाले. "नियम रद्द. वजनाचा नियम आजपासून नाही. सगळं घ्या, काही टाकू नका. मी फासे पण टाकायला सांगत नाही. नुसतं म्हणा की आम्ही चढलो. तुम्ही पलीकडे पोचाल. प्लीज."

नियम आणल्यापासून या माणसांनी त्याला शिव्याच घातल्या होत्या. मला वाटलं, आता टेबलावर हात आपटतील, ओरडतील.

शीतल पेन्सिलीचं टोक बघत होती.

"असं कसं?" ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

"अगं, मीच रद्द करतेय ना!"

"नाही पण," सुशांत म्हणाला, "मधेच कसा बदलणार? चीटिंग होईल ती."

"तू हे बोलतोयस?"

त्याने घसा साफ केला. "मॅडम, एक सांगायचं राहिलं होतं. माझ्याकडे एक घंटा आहे. देवळातली, पितळेची. मी ती लिहिलीच नव्हती."

"कधी घेतलीस?"

"पहिल्या वर्षी. धरा ती वजनात."

तेवढ्यात शीतल म्हणाली, "माझं पण एक शिवणयंत्र आहे. लोखंडी. तेही लिही."

"त्या काळात शिवणयंत्र नव्हतं, शीतल!"

"होतं. तू विचारलं नाहीस."

रॉबीची शेवटची होडी चुकत आली होती. दर रविवारी या वेळेला तो पाच वेळा घड्याळ बघतो. त्याने मनगट टेबलाखाली घेतलं आणि म्हणाला, "माझ्याकडे नांगर आहे. मोठ्या होडीचा."

मी मिलिंदकडे पाहिलं. बाकी कोणी नाही तरी मिलिंद. तो खोक्यांच्या भिंतीकडे बघत होता.

"मिल्या," मी म्हणाले, "तू तरी."

"जातं," तो म्हणाला. "दगडी. दोन्ही तळ्या."

मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं. घंटा, शिवणयंत्र, नांगर, जातं. बेरीज केली. आता तर कोणाला जागचं हलताही येणार नव्हतं.

आतून काकूंचा आवाज आला, "झालां काय रे तुमचां? पोचलास पलीकडे?"

मिलिंद म्हणाला, "नाय गो आये. ओझां जास्त झालां."